वर्गातल्या मुलीच्या पाठीवर वळ दिसलेत, दवाखान्यात न्यायचं तर कुणी आणि कुठं?

फळा_खडू (सोमवार, रात्री ९.५०)

नमस्कार मंडळी, एरवी मी पाककृतींच्या धाग्यावरच असते पण आज वेगळंच विचारायचंय. मी झेडपीच्या शाळेत शिक्षिका आहे, सांगली जिल्हा, [संपादित]. माझ्या वर्गात ऊसतोडीच्या टोळीतली एक मुलगी आहे, सात वर्षांची. दिवाळीनंतर टोळी आली तेव्हा आम्ही कोप्यांवर (त्यांच्या झोपड्यांवर) जाऊन पोरं शाळेत आणली, त्यातली ही. आईबाप सोबत नाहीत, आत्या आणि आत्याच्या नवऱ्याबरोबर आलीय, बाप दुसऱ्या टोळीत कर्नाटकात आहे म्हणे.

गेल्या आठवड्यात कवायतीला हात वर केले आणि फ्रॉक सरकला, तर पाठीवर वळ. काही जुने काळपट, दोन ताजे. आणि पोटाच्या कडेला रुपयाएवढा जळाल्यासारखा डाग. पडलीस का गं विचारलं तर हो म्हणाली. मग कुणी मारलं का विचारलं तर पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभी राहिली, बोललीच नाही. आधी ही पोरगी पाढे म्हणताना सगळ्यात मोठ्यानं ओरडायची हो, आता बाकाच्या टोकाला तिरकी बसते.

हेडसरांना सांगितलं, ते म्हणाले महिन्याभरात पट्टा पडेल (कारखान्याचा हंगाम संपेल), टोळी जाईल गावाकडं, कशाला लष्कराच्या भाकरी भाजताय.

माझ्या मनात असं आहे की शनिवारी सकाळची शाळा सुटली की गाडीवर बसवून तालुक्याला आमच्या ओळखीच्या डॉक्टरांकडं नेऊन गुपचूप दाखवून आणावं. त्यांनी मारल्याचंच आहे म्हटलं तर खात्री होईल, खात्री झाली की मग पुढं बघू. मोबाइलवर फोटो काढून ठेवलाय. बरोबर करतेय का?

कंदीपेढा (रात्री १०.०२)

फोटो शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला नाहीस ना?? तेवढं आधी सांग.

फळा_खडू (रात्री १०.०५)

नाही नाही. फक्त माझ्याकडं आहे.

हळदीचा_पेव (रात्री १०.२०)

बाई तुमचा हेतू चांगला हाय पण जरा थंड डोक्यानं घ्या. आमच्या मळ्यात दरवर्षी टोळी उतरते म्हणून सांगतो. त्या लोकांचं पोट हातावर, उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असती, एक कोयता (तोडीची जोडी) कमी झाला तर मुकादम त्यांच्या मानेवर बसतो. पोलीस आले तर पोरीचं भलं होईल का तिची आत्या तिलाच धरून बडवंल? आणि मार म्हणाल तर आम्ही काय कमी खाल्ला? मास्तरांच्या छड्या, आज्ज्याचा जोडा, झालोच की मोठं. डॉक्टरला दाखवायचं तर दाखवा गुपचूप, त्यात कुणाचं काय जातंय.

सिस्टर_नाईटड्यूटी (रात्री ११.१५)

आत्ता जेवणाची सुट्टी मिळाली म्हणून लिहितेय. सरकारी दवाखान्यात बावीस वर्षं झाली, त्यातली नऊ बालरुग्ण विभागात.

बाई, शनिवारचं ते काही करू नका. हात जोडून सांगते. तुम्ही पोरीला घरच्यांना न सांगता गाडीवर नेलं की पहिला प्रश्न तुमच्यावरच येणार, कुठं नेली, का नेली, वाटेत काय शिकवलं. आणि ओळखीचा डॉक्टर चांगला असला तरी तो काय करणार, मलम देईल, फार तर 'बाई, पोलिसांत जाऊ नका' म्हणेल. केसपेपर नाही, एमएलसी (पोलिसांना कळवायची दवाखान्यातली नोंद) नाही, मापं नाहीत. मग पुढं खरंच प्रकरण उभं राहिलं की सरकारी दवाखान्यात परत तपासणी, म्हणजे त्या लेकरानं दोनदा कपडे काढायचे, दोनदा तेच सांगायचं. तोवर ताजे वळ फिके पडलेले असतात हे तर वेगळंच.

आमच्या खात्यात नवीन पोरींना मी एकच सांगते, मुलाला एकदाच तपासायचं, एकाच ठिकाणी, आणि ज्याच्यावर त्याचा जीव आहे असं माणूस शेजारी उभं करून. बाकी कागद आपण धावून गोळा करायचे, लेकराला कागदामागं धावायला लावायचं नाही.

आणखी एक. 'खात्री झाली की मग बघू' हे डोक्यातनं काढा. खात्री करायचं काम तुमचं नाही, एकट्या डॉक्टरचंही नाही. शंका आली की कळवायचं, बास.

काळाकोट_कराड (मंगळवार, सकाळी ७.४०)

सिस्टर बोलल्या त्याला कायद्याची बाजू जोडतो, थोडक्यात लिहायचा प्रयत्न करतो पण वकील आहे त्यामुळं जमेलच असं नाही.

दोन गोष्टी वेगळ्या धरा. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर पोक्सो कायदा २०१२ लागतो, त्याच्या कलम १९ प्रमाणं असा गुन्हा घडेल अशी भीती वाटली किंवा घडल्याचं कळलं तर कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, शिक्षक, डॉक्टर, शेजारी, कुणीही. नाही कळवलं तर कलम २१, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाबद्दलचं दाबलं तर एक वर्षापर्यंत. आणि चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर त्याबद्दल दिवाणी फौजदारी काही चालत नाही, तेही त्याच १९ मध्ये लिहिलंय, हे हेडसरांना छापून द्या.

तुम्ही लिहिलंय त्यावरनं हे मारहाणीचं दिसतंय. त्याला बाल न्याय अधिनियम २०१५, कलम ७५, ज्याच्या ताब्यात मूल आहे त्यानंच क्रूरपणे वागवलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि असं मूल म्हणजे 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक', ते बाल कल्याण समितीच्या कक्षेत येतं. समिती म्हणजे अध्यक्ष आणि चार सदस्य, प्रत्येक जिल्ह्यात आहे, सांगलीतही आणि साताऱ्यातही. मूल समितीसमोर २४ तासांत न्यायचं, प्रवासाचा वेळ सोडून. समिती बसलेली नसेल तर एका सदस्यापुढंसुद्धा नेता येतं, त्यामुळं 'आज सुट्टी आहे' हे कुणी सांगितलं तर ऐकू नका.

सुरुवात १०९८ ला, म्हणजे मुलांसाठीच्या चाइल्डलाइन हेल्पलाइनला, फोन करून करा. फुकट आहे, चोवीस तास. १९९६ ला मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेतून सुरू झाली होती, २०२३ पासून सरकारच्या महिला व बालविकास खात्याकडं आहे आणि ११२ ला जोडलीय. आत्ता या क्षणी जिवाला धोका वाटत असेल तर सरळ ११२.

संपादक मंडळ (सकाळी ९.१०)

मूळ पोस्टमधून तालुका, इयत्ता आणि साखर कारखान्याचं नाव काढलं आहे. अशा मुलांची ओळख पटेल असं काहीही छापायला कायद्यानं बंदी आहे (बाल न्याय कलम ७४, पोक्सोत २३). प्रतिसाद देणाऱ्यांनीही 'हे अमुक गाव का' असले अंदाज करू नयेत. दोन प्रतिसाद उडवले आहेत.

कृष्णाकाठची (सकाळी १०.३०)

मी इथं कधी लिहीत नाही. आमची गोष्ट २०१९ ची, सातारा जिल्हा, बाकी काही सांगणार नाही.

माझी मुलगी तेव्हा पाच वर्षांची. एका संध्याकाळी जेवताना तिनं एक वाक्य बोललं, शेजारच्या एका माणसाबद्दल. माझ्या हातातला घास तसाच राहिला. आणि मी काय केलं, तिला उचललं, न्हाणीत नेलं आणि घासून आंघोळ घातली. फ्रॉक भिजत टाकला. मला वाटलं मी तिला स्वच्छ करतेय. त्या फ्रॉकबद्दल नंतर मला किती जणांनी विचारलं.

मग रात्री सुरू झाली वरात. पहिला खाजगी दवाखाना, तिथं डॉक्टरीणबाई म्हणाल्या आम्ही असल्या केसेस घेत नाही. दुसरीकडं म्हणाले पोलिसांचं पत्र आणा. ठाण्यात गेलो तर आधी मेडिकल आणा. परत दवाखाना, तिथं लेडी डॉक्टर सकाळी येतील. नवरा गाडी चालवत होता आणि मी मागं तिला मांडीवर घेऊन. प्रत्येक ठिकाणी ती एक गोष्ट तिला परत सांगायला लावली, प्रत्येकानं वेगळ्या शब्दात विचारलं. चौथ्या ठिकाणी ती गप्प झाली ती झालीच, आणि तिथल्या कागदावर लिहिलं 'मुलगी काही सांगत नाही'.

फळाखडूताई, तुम्हाला घाबरवायला नाही लिहिलं हे. दारं कुठली ते आधी माहीत असू द्या एवढंच. मला माहीत नव्हतं.

सिस्टर_नाईटड्यूटी (सकाळी ११.००)

ताई. आंघोळ घातली त्यात तुमची चूक काही नाही, आया तेच करतात, माझ्याकडं आलेल्या दहातल्या आठ जणींनी तेच केलेलं असतं. आणि आंघोळ झाली तरी तपासणी करायचीच असते, काही मिळणार नाही असं नसतं.

बाकीच्यांसाठी लिहून ठेवते. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर शक्य तर आंघोळ नको, कपडे धुवायचे नाहीत, कागदी पिशवीत ठेवायचे, प्लास्टिकच्या नको, ओल धरते आणि बुरशी येते. नमुने साधारण ९६ तासांपर्यंत घेता येतात म्हणून लवकर. एचआयव्ही होऊ नये म्हणून गोळ्या द्यायच्या तर ७२ तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात, पुढं २८ दिवस. आठवड्यानं किंवा महिन्यानं कळलं तरी न्या, कारण तपासणी नुसत्या पुराव्यासाठी नसते. आणि बहुतेक मुलांच्या अंगावर काहीच सापडत नाही, म्हणजे काही झालं नाही असं कुणी लिहिलं तर तो कागद चूक. 'टू फिंगर टेस्ट' (आत बोटं घालून बघणं) तर कुणी नावच काढायचं नाही, सुप्रीम कोर्टानं ऑक्टोबर २०२२ ला सांगितलंय, जो करील तो गैरवर्तनाचा दोषी.

काळाकोट_कराड (सकाळी ११.२५)

कृष्णाकाठची ताई, तुम्हाला जे झालं त्यातलं जवळपास प्रत्येक उत्तर बेकायदा होतं. पोक्सोच्या कलम २७ मध्ये स्पष्ट आहे, गुन्हा नोंदला नसला तरी तपासणी करायची. मुलगी असेल तर महिला डॉक्टरनंच, आणि आईबाप किंवा मुलाचा ज्याच्यावर विश्वास आहे त्याच्यासमोर, तसं कुणी नसेल तर दवाखान्याच्या प्रमुखानं नेमलेल्या बाईसमोर. नंतर आलेल्या २०२० च्या नियमांत तर लिहिलंय की तातडीचे उपचार देण्याआधी पोलिसांचं किंवा कोर्टाचं पत्र मागायचंच नाही. खाजगी दवाखान्यालाही पहिले उपचार फुकट द्यावे लागतात आणि नाकारले तर आताच्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २०० प्रमाणं एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. जबाबसुद्धा मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथं घ्यायचा, पोलिसांनी गणवेशात यायचं नाही, आणि मुलाला रात्री ठाण्यात ठेवायचं नाही.

कायदा कपाटात आणि माणूस काउंटरवर, हे मलाही रोज दिसतं. पण काउंटरवर कलमाचा आकडा तोंडपाठ म्हटला की साहेबांचा सूर बदलतो, हेही रोज दिसतं.

बालरोगवाला (दुपारी २.४५)

ओपीडी संपली. मी मिरजेत शिकलो, आता इथंच प्रॅक्टिस करतो. वळांबद्दल दोन शब्द.

पळणाऱ्या पोराच्या नडग्यांवर, गुडघ्यांवर, कपाळावर खुणा असतातच, त्या नसल्या तर उलट मी विचारीन पोर खेळत नाही का. डोकं खाजवायला लावणाऱ्या जागा वेगळ्या, पाठ, पोट, कान, मान, मांडीची आतली बाजू. चार वर्षांखालच्या मुलाच्या धडावर, कानावर किंवा मानेवर वळ असेल तर थांबून बघायचं, आणि चार महिन्यांच्या आतल्या बाळाला कुठंही वळ असेल तर नक्कीच, कारण ते बाळ अजून उलटतसुद्धा नाही, आपटणार कशावर. दोन वर्षांच्या आतलं असेल तर सगळ्या हाडांचे एक्सरे काढतात, मोडून सांधलेलं जुनं हाड असलं तर दिसतं. रंगावरनं वळ किती दिवसांचा हे सांगता येतं असं लोक समजतात (सिनेमातले डॉक्टर सांगतात), आम्हाला नाही सांगता येत.

आणि आता उलटी बाजू, हळदीच्या पेवानं खूश व्हावं अशी. प्रत्येक डाग म्हणजे मार नसतो. आपल्याकडच्या बाळांच्या ढुंगणावर, कमरेवर निळे डाग जन्मतः असतात, नवीन माणूस घाबरतो. प्लेटलेट कमी असल्या किंवा रक्त गोठायचा आजार असला तर नुसतं धरलं तरी वळ उठतात, म्हणून रक्त तपासल्याशिवाय कुणी शहाणा डॉक्टर शेरा मारत नाही. लहान मुलींना जंतांमुळं खालच्या बाजूला खाज सुटते, लाल होतं आणि आई भलत्या शंकेनं हादरून येते. आणि बिब्बा! पोट दुखलं की बिब्बा लावायची आपल्याकडं अजून पद्धत आहे, बिब्ब्याच्या तेलानं कातडी अशी भाजते की सिगारेटचा चटका वाटावा. बाईंनी लिहिलेला पोटाच्या कडेचा डाग वाचून मला पहिला तोच आठवला. पाठीवरच्या वळांचं मात्र मी असं म्हणणार नाही.

मी दोन्ही चुका केल्यात. एकदा बिब्ब्याच्या डागावर चटक्याची शंका लिहिली आणि एका गरीब आजीला चार दिवस चौकशीला हिंडवलं. आणि एकदा, नोकरीच्या पहिल्याच वर्षी, तीन महिन्यांचं बाळ आलं, मांडीचं हाड मोडलेलं, घरचे म्हणाले पाळण्यातून पडलं. चांगली शिकलेली माणसं, मी चहा घेतला त्यांच्याबरोबर. प्लॅस्टर घालून घरी सोडलं. सहा आठवड्यांनी परत आलं ते... जाऊ दे. आजीची मी माफी मागितली, तिनं ती दिलीसुद्धा. दुसऱ्या बाबतीत माफी मागायला कुणी नाही.

येरळा (दुपारी ४.१०)

मी साखरशाळेवर (ऊसतोडवाल्यांच्या पोरांची शाळा) काही वर्षं काम केलंय. मंडळी आत्याला आत्ताच फासावर लटकवू नका. फडावर, म्हणजे तोडीच्या उसात, पहाटे चारला निघतात, ट्रक लागला तर रात्री मोळ्या चढवायला परत जायचं. सात वर्षांची पोरगी कोपीवर धाकट्याला सांभाळते, पाणी आणते, बैलगाडीची टोळी असेल तर बैलांना वाढं टाकते. शाळेत येते हेच नवल. टोळीतला बापय माणूस दिवसभर मुकादमाच्या शिव्या खातो आणि रात्री घरात काढतो. समर्थन नाही करत, पण चौकशीला येणाऱ्यानं नुसतं 'कुणी मारलं' विचारून निघून जाऊ नये, पोरीच्या पोटात दिवसभरात काय जातं तेही विचारावं. आपल्याच जतच्या टोळ्या कर्नाटकात जातात, तिथं त्यांच्या पोरांकडं बघणारी एखादी बाई असावी असं आपल्याला वाटतंच ना.

हळदीचा_पेव (सायं. ५.३०)

डॉक्टरसाहेब, वाचलं. बिब्ब्याचं आमच्या आईनंपण मला केल्यालं, डाग अजून हाय.

मी एक करू शकतो. आमच्या मळ्यातला मुकादम सगळ्या टोळ्यांना वळखतो, त्याच्याकरवी त्या माणसाला जरा दम देतो, परस्पर मिटंल.

सिस्टर_नाईटड्यूटी (सायं. ५.३४)

अहो दादा नको!! दम दिला की रात्रीत कोपी मोडून टोळी दुसऱ्या फडावर, आणि पोरगी त्याच माणसाबरोबर, आता राग दुप्पट. कळवायच्या आधी संशयिताला सुगावा लागू द्यायचा नाही हे पहिलं. तुम्ही कुणाशीच बोलू नका, मुकादमाशी तर नाहीच.

हळदीचा_पेव (सायं. ५.५०)

बरं. ऱ्हायलं.

फळा_खडू (सायं. ७.२०)

सगळं वाचलं, दोनदा वाचलं. शनिवारचं रद्द. दुपारच्या सुट्टीत बाथरूममध्ये उभं राहून १०९८ ला फोन केला. हात थरथरत होते. त्यांनी विचारलं काय दिसलं, कधी दिसलं, मूल आत्ता कुठं आहे, आज रात्री धोका वाटतो का. माझं नाव गुप्त राहील म्हणाले. उद्या शाळेत माणसं येणार. आज संध्याकाळी तिला कोपीवर जाताना बघवेना पण धोका विचारला तेव्हा मी प्रामाणिकपणे सांगितलं की आज रात्रीचंच असं काही वाटत नाही. बरोबर सांगितलं का काय माहीत.

तिला उद्या काय सांगू? आणि तो फोटो काढून टाकू का?

बालरोगवाला (रात्री ८.००)

फोटो उडवू नका, कुणाला पाठवूही नका. उद्या येणाऱ्या अधिकाऱ्याला दाखवा, तारखेसकट. तुम्ही काय पाहिलं ते आज रात्रीच वहीत लिहून ठेवा, तिचे शब्द जसेच्या तसे, तुमचा अंदाज त्यात घालू नका. 'पडले' म्हणाली तर 'पडले' असंच लिहा.

तिला खरं तेवढं सांगा, की डॉक्टर बघणार आहेत, मी बरोबर येईन, दुखलं तर थांबा म्हणायचं. आणि कृपा करून आज उद्यात परत विचारू नका कुणी मारलं म्हणून. 'अमक्यानं मारलं का' असं एकदा विचारलं की पुढं ती जे बोलेल ते तुमच्या तोंडचं ठरतं. तिनं आपणहून सांगितलं तर ऐका, बरं केलंस सांगितलंस म्हणा. 'कुणाला सांगणार नाही' असा शब्द मात्र देऊ नका, तो पाळता येणार नाही.

सिस्टर_नाईटड्यूटी (रात्री ८.१५)

आणि डबा न्या. दवाखान्यात वेळ जातो, भुकेलं लेकरू सगळ्याला नाही म्हणतं. सांगलीला वसंतदादा पाटील रुग्णालय, मिरजेला मेडिकल कॉलेजचं, साताऱ्याची केस असती तर क्रांतिसिंह नाना पाटील, तिथं बालरोगतज्ज्ञ, एक्सरे, महिला डॉक्टर एकाच आवारात मिळतात, गावोगाव फिरायला नको. आत्याची सही लागली तर? १२ वर्षांखालच्या मुलाची संमती पालकाकडून घेतात, पण पालकावरच संशय असेल तर ते काम तुमच्या सहीनं भागत नाही, समितीला मध्ये घ्यावं लागतं, ते उद्या येणारे लोक बघतील. पोरीची मान हलल्याशिवाय मात्र कुणी हात लावायचा नाही, मग सह्या कितीही असोत.

फळा_खडू (गुरुवार, रात्री १०.३०)

काल लिहायची ताकद नव्हती.

दोघं आले, एक बाई आणि एक मुलगा, साध्या कपड्यात. जिल्हा बाल संरक्षण कक्षाशी बोलून आले होते. आत्याला शाळेतच बोलावलं, हेडसरांनी स्वतःची खुर्ची दिली तिला, हे मात्र मान्य करायला हवं. आत्या पहिल्यांदा आवाज चढवून बोलली मग एकदम रडायला लागली. दवाखान्यात जायला तीच तयार झाली. पोरगी म्हणाली बाई पण पायजेत. म्हणून मीही.

मोठ्या सरकारी दवाखान्यात गेलो. एक्सरेला सव्वा दोन तास बसवलं (सिस्टर, डब्याबद्दल आभार, चपाती गूळ दोघींनी खाल्ला). पण डॉक्टर मॅडम फार चांगल्या होत्या. आधी एमएलसीचा कागद केला. आत्याला बाहेर बसवलं. पोरीला स्टेथोस्कोप दिला, माझ्या छातीला लावून ऐक म्हणाल्या. मग एकच प्रश्न, 'पाठीला काय झालं ते मला सांग.' आणि गप्प बसून राहिल्या. मला वाटलं आता दुसरा प्रश्न विचारतील, नाही विचारला. किती तरी वेळानं पोरगी म्हणाली, 'बैल सुटले की मामा चाबूक मारतो. बैलाला बी मारतो.' (आत्याच्या नवऱ्याला ती मामा म्हणते.) मॅडमनी तेच वाक्य तसंच लिहिलं, बैलासकट.

मग डोक्यापासून पायापर्यंत बघितलं, एका वेळी अंगाचा एकच भाग उघडा, बाकी चादरीनं झाकलेलं. प्रत्येक वळाशेजारी पट्टी धरून फोटो, कागदावरच्या माणसाच्या चित्रावर खुणा. वजन, उंची. रक्त. खालच्या बाजूचं विचारलं, तिथं कधी कुणी त्रास दिलाय का, कधी दुखतं का, ती नाही म्हणाली आणि बघू द्यायलाही नाही म्हणाली, तर मॅडमनी तसंच लिहिलं आणि आग्रह केला नाही.

पोटाचा डाग बिब्ब्याचाच निघाला, डॉक्टरसाहेब! आत्यानं स्वतः सांगितलं, पोट दुखत होतं म्हणून लावला. एक्सरेत काही नाही, रक्त गोठण्याचं ठीक आहे. हिमोग्लोबिन मात्र फार कमी, वजनही. पोट दुखण्याचं कारण उपासमार असू शकतं म्हणाल्या. येरळा, तुमचं वाक्य आठवलं.

आज समितीपुढं नेलं. आई येईपर्यंत बालगृहात ठेवायचं ठरलं. आणि इथं मी पार मोडले, कारण ती आत्याला सोडेना. त्या आत्याला, जिनं सगळं बघूनही काही केलं नाही. मला वाटलं ती माझ्याकडं बघेल, तिनं बघितलंसुद्धा नाही.

कृष्णाकाठची (रात्री १०.५५)

नाहीच बघणार. माझी पण त्या रात्री माझ्याकडं बघत नव्हती. आता सहावीत... म्हणजे आता बघते, एवढंच सांगते.

हळदीचा_पेव (रात्री ११.१०)

बैलासकट लिहिलं म्हणालात ते डोक्यातनं जात नाही.

येरळा (शुक्रवार, सकाळी ८.३०)

बाई, बालगृहात भेटायला समितीची परवानगी मागा, मिळते. जाताना तिची पाटी दप्तर न्या. आणि शिक्षण हमी कार्ड आत्ताच भरून ठेवा, आई आली की एका दिवसात निघेल, कार्ड नसलं तर तिकडच्या शाळेत परत पहिल्यापासून.

फळा_खडू (सतरा दिवसांनी, रात्री ९.१५)

कळवायचं राहून गेलं. आई आली, बीडवरनं एसटीनं, कडेवर तान्हं घेऊन. समितीनं घरची चौकशी तिकडून मागवली होती, ती आल्यावर मुलगी आईकडं दिली. त्या माणसावर गुन्हा नोंदलाय, माझा जबाब झाला, घरी येऊन घेतला. पट्टा अजून पडलेला नाही, आत्या फडावर जाते, शाळेच्या रस्त्यानं जात नाही आता, लांबनं जाते.

मी दोनदा भेटून आले. दुसऱ्या वेळी सातचा पाढा म्हणाली, हळू आवाजात पण पुरा म्हणाली. हमी कार्ड दिलंय.

एक विचारायचं होतं, मॅडमनी चार आठवड्यांनी परत रक्त तपासायला सांगितलंय आणि समुपदेशन पण. आता ती तिकडं जाणार, मग पुढचं कोण बघणार?

काळाकोट_कराड (रात्री ९.४०)

इथली समिती तिकडच्या जिल्ह्याच्या समितीला प्रकरण कळवते. पण तुम्ही एक साधा अर्ज देऊन ठेवा की पाठपुराव्याचे कागद गेले का, आणि आवक क्रमांक घ्या. क्रमांक असला की कागद हलतो. तपासणीच्या कागदांची प्रत आईला फुकट मिळायला हवी, घेतली का?

फळा_खडू (रात्री ९.४५)

घेतली. लॅमिनेट करून द्यायचा विचार करत होते, प्रवासात भिजेल म्हणून. आई परवा निघणार आहे.

सिस्टर_नाईटड्यूटी (रात्री ११.०५)

लॅमिनेट नको गं बाई, पुढच्या डॉक्टरला त्यावर लिहायचं असतं. दोन झेरॉक्स काढ, एक आईच्या पिशवीत दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून, एक तुझ्याकडं. आणि लोहाच्या गोळ्या महिन्याच्या एकदम दे, तिकडं लगेच मिळतीलच असं नाही.